पोलंडचा प्रवास : काय पाहिले, काय आणले
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस पोलंडच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आपल्या ज्ञातीत आता घरटी एक तरी माणूस परदेशी जाऊन आलेला आहे. प्रवासवर्णन ऐकविणाऱ्याला कोणी सहसा चहाही विचारीत नाही, असे दिवस आले आहेत. तथापि या प्रवासाचा आरंभ कोल्हापुरातील आमच्या जुन्या घरात झाला आणि शेवटही तेथेच झाला. म्हणून हा वृत्तांत आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस करीत आहोत.

आमच्या आत्याबाई आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या लहानपणी, म्हणजे १९४३ ते १९४८ या काळात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. १९३९ साली जर्मनीने पश्चिमेकडून आणि रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्वेकडील लाखो पोलिश माणसे १९४० व १९४१ साली सैबेरिया व कझाकस्तानकडे हाकलण्यात आली. पुढे रशियाशी करार होऊन त्यांची सुटका झाली. त्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला, ही गोष्ट बहुश्रुत आहे. वळिवड्यास मात्र सुमारे पाच हजार माणसे होती. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, नाटके होत. छावणी उठल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले.

आमच्या आजोबांचे सुईदोऱ्याचे व बटणांचे लहानसे दुकान होते. पोलिश बायका तेथे रंगीत दोरे घेण्यास येत. त्यांतील एका बाईंचा आत्याबाईंवर फार जीव. जाताना त्यांनी आत्याबाईंना स्वतः भरलेला एक रुमाल दिला. त्यावर लाल फुले आणि हिरवी पाने होती. त्या बाईंना आमच्या घरात सारे ‘पानीबाई’ म्हणत, कारण बरोबरच्या बायका त्यांना ‘पानी, पानी’ अशी हाक मारीत. पहिल्या दिवशी ती हाक ऐकून आत्याबाई धावत आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, ही गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या सांगितली जात आहे.

रुमालाचे काय झाले, असे आपण विचाराल. सांगण्यास लाज वाटते. कित्येक वर्षे तो लोणच्याच्या बरणीवर दादरा म्हणून बांधला जात होता. पुढे घराची डागडुजी झाली आणि त्यात तो गेला. कोणी टाकला, केव्हा टाकला, कोणासच ठाऊक नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयतांनी पोलंडला जाण्याचे ठरविले, तेव्हा आत्याबाईंनी एवढेच सांगितले, “जाताच आहात, तर पानीबाईंचे कोणी भेटते का बघा.”

वॉर्सास उतरून आम्ही प्रथम आगगाडीने उत्तरेस, बाल्टिक समुद्रकाठच्या ग्दान्स्क शहरी गेलो. दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी आरंभीचा भडिमार येथलाच. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे जर्मन युद्धनौकेने वेस्टरप्लाट येथील पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या. तेथील दोनशेच्या आसपास शिपायांनी ते ठाणे सात दिवस लढविले. येथल्याच जहाजांच्या कारखान्यात ऑगस्ट १९८० मध्ये लेक वाऊएन्सा यांच्या नेतृत्वाखाली कामगारांचा संप झाला आणि ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र संघटना जन्मास आली. कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून आम्हांस मुंबईच्या गिरणगावाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

ग्दान्स्कची प्रसिद्ध वस्तू म्हणजे अंबर. हा दगड नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचा डिंक जमिनीत दबून घट्ट झाला, तेच हे अंबर. मधासारखा रंग, हाती घेतले तर उबदार आणि हलके. मारियात्स्का नावाच्या गल्लीत दोहों बाजूंस अंबराचीच दुकाने आहेत. नकली मालही पुष्कळ विकला जातो. एका वृद्ध दुकानदाराने आम्हांस परीक्षा शिकविली. पेलाभर पाण्यात मीठ विरघळेल तितके विरघळवावे. खरे अंबर त्यावर तरंगते. काच आणि बहुतेक प्लॅस्टिक बुडते. आमच्या सौभाग्यवतींनी ती परीक्षा तेथेच करून दाखविण्यास सांगितले, आणि मगच आत्याबाईंसाठी एक लहान माळ घेतली. दुकानदारास राग आला नाही. उलट, कोल्हापूरच्या गुजरीत भेटावा तसा मनुष्य भेटला, असे वाटले.

आमच्या ‘पानीबाईं’चा निकालही याच शहरी लागला. उतारगृहातील मुलगी आमच्या सौभाग्यवतींस ‘पानी’ म्हणून संबोधी. दुकानात तेच, आगगाडीत तेच. अखेरीस आम्ही विचारले. तेव्हा समजले की पोलिश भाषेत ‘पानी’ म्हणजे ‘बाई’. कोणत्याही स्त्रीस आदराने हाक मारण्याचा तो शब्द आहे. म्हणजे ऐंशी वर्षे आमच्या घरात जे नाव म्हणून जपले गेले, ते नावच नव्हते. त्या बाईंचे नाव आमच्यापैकी कोणी कधी विचारलेच नव्हते. त्या रात्री आम्हां दोघांसही लवकर झोप आली नाही.

ग्दान्स्कहून आम्ही तोरून्य येथे गेलो. विस्तुला नदीच्या काठचे हे विटांचे गाव. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारे कोपर्निकस १४७३ साली येथेच जन्मले. गावाची दुसरी कीर्ती ‘पिएर्निक’ या मसाल्याच्या रोटीची. मध, राईचे पीठ, दालचिनी, लवंग, आले यांची ही रोटी कोरीव लाकडी साच्यांत दाबून भाजतात. ते साचे पाहून आपल्याकडील होळीच्या साखरगाठींचे साचे आठवले. मध्ययुगात हे मसाले पूर्वेकडून, कित्येक हातांतून जात उत्तरेच्या या बंदरांत पोहोचत. तेव्हा तोरून्यची ही रोटी दाताखाली येताच आमच्या तोंडात जो ओळखीचा स्वाद आला, तो उगीच नव्हे.

आता भोजनाविषयी. निघण्यापूर्वी अनेक भगिनींनी आम्हांस काळजीने विचारले होते, “तिकडे खाणार काय?” मांसाहार तेथे प्रमुख आहे, हे खरे. परंतु शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. तेथे ‘बार म्लेच्नी’ नावाच्या स्वस्त खानावळी आहेत. ‘बार’ या शब्दाने कोणी दचकू नये. त्याचा अर्थ ‘दुधाची खानावळ’ असा आहे. तेथे ‘पिएरोगी’ मिळतात. मैद्याच्या पारीत सारण भरून, दुमडून, कडा दाबून उकळत्या पाण्यात शिजविलेल्या या करंज्याच म्हणाव्यात. बटाटा आणि नासविलेल्या दुधाचा चक्का यांचे सारण असते, कोबीचे असते, फळांचेही असते. बिटाचे आंबटगोड ‘बार्श्च’ हे आपल्या साराचे भावंड. राईचे पीठ आंबवून केलेले ‘झूरेक’ हे आपल्या आंबिलीच्या कुळातले. मात्र त्यात बहुधा मांस असते, म्हणून विचारून घ्यावे. किसलेल्या बटाट्याची धिरडी तर आमच्या सौभाग्यवतींनी तीन दिवस सकाळसंध्याकाळ खाल्ली. तिखट मात्र नावालाही नाही. आम्ही नेलेली शेंगदाण्याची चटणी चौथ्याच दिवशी संपली.

त्यांच्या एका चालीने आमचे मन वेधून घेतले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलिश घरांत बारा पदार्थांचे मांसरहित भोजन असते. मासे चालतात. त्या वेळी पाटावर, म्हणजे मेजावर, एक ताट जास्तीचे मांडतात आणि ती जागा मोकळी ठेवतात. अनपेक्षित पाहुणा दारी आला, तर त्याला बसण्यास स्थान असावे, हा हेतू. ज्यांचे स्वतःचेच देश आणि घर वारंवार हिरावले गेले, त्या लोकांनी ही चाल सोडलेली नाही. १७७२ ते १७९५ या काळात रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी पोलंडचे तुकडे केले आणि पुढे १२३ वर्षे, १९१८ पर्यंत, पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. तरीही भाषा राहिली, गाणी राहिली आणि ते मोकळे ताट राहिले.

तोरून्यहून दक्षिणेस क्राकूफ. ही पोलंडची जुनी राजधानी. वावेल टेकडीवर राजवाडा आणि राजांच्या समाध्या आहेत. आपल्याकडे देवगिरीचे यादव राज्य करीत होते त्या काळी, १२५७ साली, आखलेला भव्य चौक गावाच्या मध्यभागी आहे. त्याची प्रत्येक बाजू दोनशे मीटरांच्या आसपास. मधोमध जुना कापडबाजार आहे. त्यात आज लाकडी पेट्या, भरतकाम आणि कागदाची रंगीत कातरकला विकतात. चौकातील सेंट मेरी मंदिराच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. तार्तारांची स्वारी आली तेव्हा इशारा देणाऱ्या तुतारीवाल्याच्या कंठात बाण लागला, म्हणून तो सूर आजही तेथेच थांबवितात, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो. रात्री, पहाटे, पावसात, कोणी ऐको वा न ऐको, चारही दिशांस ती तुतारी वाजविणारा मनुष्य तेथे आहे, ही गोष्ट मात्र खरी आहे.

क्राकूफजवळ व्हिएलिच्का येथे मिठाची प्राचीन खाण आहे. ३२७ मीटर खोल जाणाऱ्या या खाणीत १०१ मीटर खोलीवर खाणकामगारांनी एक प्रार्थनामंदिर कोरले आहे. भिंती, मूर्ती, फरशी, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे. वेरूळचे कैलास पाहिलेल्या माणसालाही तेथे क्षणभर स्तब्ध व्हावे लागते. कोरणारे कोणी राजशिल्पी नव्हते. ते दिवसभर मीठ खणणारे मजूर होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओश्व्हिएन्चिमला गेलो. जर्मन लोक या गावास आउश्वित्झ म्हणत. येथील छळछावण्यांत सुमारे अकरा लक्ष माणसे मारली गेली. त्यांपैकी जवळजवळ दहा लक्ष ज्यू होते. त्या जागेचे वर्णन या व्यासपीठावरून करण्याची आमची योग्यता नाही. एकच गोष्ट सांगतो. तेथे काचेमागे प्रवासी पेट्यांचा ढीग आहे. पेट्या परत मिळतील या समजुतीने त्यांवर माणसांनी मोठ्या अक्षरांत आपली नावे व पत्ते रंगविलेले आहेत. आम्ही ती नावे एकेक करून वाचीत राहिलो. मारणाऱ्यांनी माणसांना आकडे दिले होते. ज्यांनी ते स्थान १९४७ पासून वस्तुसंग्रहालय म्हणून राखले, त्यांनी निदान काही नावे आपल्यापर्यंत पोहोचविली.

अखेरचा मुक्काम वॉर्सा. १ ऑगस्ट १९४४ रोजी या शहराने जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. दीड ते दोन लक्ष नागरिक मेले. नंतर हिटलरच्या आज्ञेने उरलेल्या शहरास घरोघर सुरुंग लावण्यात आले. युद्ध संपले तेव्हा जुने शहर म्हणजे विटांचा ढिगारा होता. आज तेथे आपण जातो, तेव्हा सतराव्या-अठराव्या शतकातील घरे, रंगीत भिंती, कमानी दिसतात. सारे नवे आहे. पण जुन्यासारखे हुबेहूब आहे. १९८० साली युनेस्कोने या पुनर्निर्मितीस जागतिक वारशाचा मान दिला.

हे कसे साधले? युद्धापूर्वी आणि युद्धकाळात तेथील वास्तुशास्त्राचे अध्यापक व विद्यार्थी यांनी जुन्या इमारतींची मापे घेऊन नकाशे काढून ठेविले होते. शहर पेटले असताना ते कागद बाहेर काढून दूरच्या एका मठात दडविण्यात आले. अठराव्या शतकात बेलोत्तो नावाच्या दरबारी चित्रकाराने शहराची बारकाईने चित्रे काढली होती. तीही उपयोगी पडली. ढिगाऱ्यातील विटा वेचून पुन्हा वापरल्या. राजवाडा तर १९७१ नंतर लोकवर्गणीतून उभा राहिला. सभ्य गृहस्थहो, घर पडल्यावर त्याची माप घेता येत नाही. ज्यांनी ते उभे असताना मोजून ठेविले, त्यांच्यामुळे ते पुन्हा उभे राहिले.

वॉर्साचे आणि महाराष्ट्राचे आणखी एक नाते आहे. मॉरिस फ्रीडमन हे याच शहरी जन्मलेले ज्यू इंजिनियर. ते हिंदुस्थानात आले, औंध संस्थानात राहिले आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधी व अप्पा पंत यांनी प्रजेस स्वराज्य देण्याचा जो प्रयोग १९३८-३९ साली केला, त्यात त्यांनी हातभार लावला. मुंबईचे निसर्गदत्त महाराज यांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणून १९७३ साली जगापुढे ठेवणारेही तेच.

आमच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस १ नोव्हेंबर. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. पोलंडमध्ये तो सर्व संतांचा दिवस. सारा देश आपापल्या पूर्वजांच्या थडग्यांवर दिवे लावतो. पोव्हाँस्की येथील १७९० पासूनच्या जुन्या दफनभूमीत आम्ही संध्याकाळी गेलो. हजारो दिवे, काचेच्या रंगीत पेल्यांतील. आजीचा हात धरून मुले येत होती आणि आजी दगडावरील नाव बोटाने दाखवून वाचून घेत होती. ज्या थडग्याला वारस उरला नाही, तेथेही कोणीतरी दिवा ठेवून जात होते.

दफनभूमीच्या दारी आम्ही असाच एक दिवा विकत घेतला. शहरात मोंते कासिनोच्या लढाईचे स्मारक आहे. इटलीतील त्या डोंगरावर १९४४ च्या आरंभी भारतीय पलटणींनी रक्त सांडले होते आणि १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी तेथील मठ घेतला. त्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूरच्या छावणीचे स्मरण म्हणून २०१७ साली एक फलक बसविला आहे. परक्या देशात, थंडीच्या काळोखात, आपल्या गावाचे नाव वाचताना काय वाटते, ते सांगण्यास शब्द अपुरे पडतात. आमच्या सौभाग्यवतींनी दिवा लावला. कोणाच्या नावाने लावावा, असा प्रश्न त्यांनी केला. आमच्यापाशी उत्तर नव्हते. अखेर त्या म्हणाल्या, “पानीबाईंच्याच नावाने लावते. त्यांना समजेल.”

घरी परतल्यावर आम्ही आत्याबाईंपुढे माळ, पिएर्निकचा डबा आणि निळ्या ठिपक्यांची बोलेस्वाव्हिएत्सची वाटी ठेविली. त्यांनी माळ हाती घेतली, पण पहिला प्रश्न निराळाच होता, “नाव कळले का रे त्यांचे?” आम्ही ‘पानी’ शब्दाचा अर्थ सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी त्यांना जन्मभर बाईबाई म्हणत आले. आणि त्यांना माझे नाव येत होते. मला त्या नावाने हाक मारीत.”

तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी वही घेऊन आत्याबाईंपाशी बसतो. दुकान कोठे होते, छावणीतील मुले कोणते खेळ खेळत, रुमालावर किती फुले होती, जे जे त्यांना आठवते ते ते लिहून घेतो. नाव मिळणार नाही, हे आम्ही जाणतो. पण रुमालावर सात फुले होती, ही गोष्ट आता लिहिलेली आहे.

बंधुभगिनींनो, प्रवासातून आणलेल्या वस्तूस स्मरणवस्तू म्हणतात आणि आपल्या मंडळाच्या या अंकास स्मरणिका. दोहोंचे काम एकच. आपल्या प्रत्येक घरात एक तरी आत्याबाई, एक तरी आजोबा आहेत. ट्रंकांत फोटो आहेत, त्यांच्या पाठीमागे नावे लिहिलेली नाहीत. आमची मंडळास विनंती आहे की, प्रतिवर्षी स्मरणिकेची चार पाने अशा आठवणींसाठी मोकळी ठेवावीत, जसे पोलिश लोक एक ताट मोकळे ठेवतात. आणि आपणां सर्वांस प्रार्थना इतकीच की, आज घरी गेल्यावर एक जुना फोटो काढावा, वडीलधाऱ्यांपाशी बसावे आणि त्यातील माणसांची नावे विचारून पाठीमागे लिहून ठेवावीत.

 तोरून्यची रोटी थोडीच उरली आहे. भाषण संपल्यावर ती बालगोपाळांना वाटण्यात येईल.